आपल्या गावच्या पेठेचा इतिहास कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. गेली काही वर्षं आमच्या गावची पेठ, गल्ल्या, दुकानं, मोंढा यांची माहिती गोळा करतोय. हे कानावर गेल्यापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. कुणी शिक्षक असतो, कुणी दुकानदाराचा मुलगा, कुणी नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आमच्या गावात किल्ला नाही, लेणी नाहीत, मोठा संत झाला नाही. लिहायचं काय?

गावात आठवडी बाजार भरतो का? मग लिहायला भरपूर आहे. पिठाची पहिली गिरणी कुणी घातली, ती आधी डिझेलवर होती का, वीज कोणत्या साली आली, पहिला डॉक्टर कोणत्या ओसरीवर बसायचा, टुरिंग टॉकीजचा तंबू कुठल्या मैदानात लागायचा, बोहारणी कुठून यायच्या, दसऱ्याला सोनं लुटून लोक आधी कुणाच्या पेढीवर जायचे, हे सगळं इतिहासच आहे. राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. तुमच्या गावच्या कासाराच्या दुकानाचा इतिहास तुम्ही लिहिला नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

सुरुवात कुणापासून करावी? गावच्या प्रतिष्ठित मंडळींपासून?

त्यांच्याकडे जा, पण आधी हमालाकडे आणि मापाड्याकडे जा. मालकाला आपल्या दुकानाचं माहीत असतं. हमालाने साऱ्या पेठेतली पोती पाठीवर वाहिलेली असतात, कुठल्या वखारीला किती पायऱ्या होत्या हे त्याला पाठ असतं.

आमच्याकडचे एक म्हातारे मापाडी मला पायलीने ज्वारी मोजून दाखवत होते. पहिलं माप ओतताना ते ‘एक’ म्हणाले नाहीत, ‘लाभ’ म्हणाले. मग दोन, तीन. प्रत्येक आकडा पुढचं माप भरेपर्यंत लांबवत म्हणायचे, म्हणजे मोजणी चुकत नाही आणि शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही ऐकू जातं. मापावरचा शिगेचा ढीग हाताने सारखा करायचा की तसाच ओतायचा, यावर किती भांडणं व्हायची तेही त्यांनी सांगितलं. ही माहिती कुठल्याच कागदावर नाही. ती त्यांच्या गळ्यात आणि मनगटात होती.

तेव्हा माणसं आधी, कागद नंतर. कागद आणखी दहा वर्षं टिकतील, माणसांचं सांगता येत नाही.

मोंढा, गंज, पेठ, लाईन यांत फरक काय?

बोलण्यात सगळं मिसळतं, पण नोंद करताना वेगळं ठेवा. धान्य, कापूस, डाळी यांचा घाऊक व्यवहार जिथे चालतो त्याला नांदेड, परभणी, जालना, हिंगोली या भागात मोंढा म्हणतात. लातूरकडे गंज. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक धंदा बसला. ‘लाईन’ हा शब्द त्याच चालीचा: कापड लाईन, सराफ लाईन. तुमच्या गावात नुसत्या दोन समोरासमोरच्या रांगा असतील, तरी त्यांना लोक काय म्हणतात ते आधी लिहून घ्या. नगरपालिकेच्या पाटीवरचं नाव नंतर.

अडत म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देण्याचं काम आणि त्यावरचं कमिशनही. शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या पट्टीत अडतीशिवाय हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता (वजनातली सूट) अशी कापणी असे. जुनी हिशोबपट्टी मिळाली तर या रकमा एकाखाली एक उतरवून काढा. शेतकऱ्याच्या हातात शेवटी काय पडलं ते तिथे दिसतं. उघड लिलाव रुजण्याआधी सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघे हातात हात घालून वर उपरणं टाकत आणि बोटं दाबून भाव सांगत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून फक्त उपरणं हलताना बघायचा. गुरांच्या बाजारात ही रीत बराच काळ टिकली.

या व्यवहारावर कायद्याचं नियंत्रण आणण्यासाठी हैदराबाद संस्थानाने कृषी बाजार कायदा केला, तो १३३९ फसलीचा. आजच्या बाजार समित्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. तुमच्या गावची समिती कधी झाली हे तिच्याच दप्तरात सापडेल.

१३३९ फसली म्हणजे किती साल?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. निजामी राज्यातला फसली सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचा. फसलीत ५९० मिळवा, म्हणजे ते वर्ष ज्या ऑक्टोबरात सुरू झालं तो इसवी सन मिळतो. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवा. म्हणजे १३३९ फसली हे ऑक्टोबर १९२९ ते ऑक्टोबर १९३०. महिने आझर, दै, बहमन, इस्फंदार असे येतात. आझर पहिला. कागदावर ‘बहमन’ दिसलं आणि तुम्ही ते माणसाचं नाव समजलात, असं होऊ देऊ नका. मी समजलो होतो.

दुकानाच्या वहीत मात्र शके किंवा संवत असतो. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९). मारवाडी, गुजराती पेढ्यांवर विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करायचे, आणि जानेवारीपासून संवत बदलेपर्यंतच्या नोंदींना ५६. गुजराती संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो हे लक्षात ठेवा, नाहीतर अख्ख्या वर्षाची चूक होते. एकाच दुकानात एकाच दिवशी सरकारी पावतीवर फसली, वहीत शके आणि मुंबईहून आलेल्या बिलावर इसवी सन, असे तीन सन मला एका गाठोड्यात सापडलेत.

जुन्या वह्या मिळाल्या, पण वाचता येत नाहीत.

आधी लिपी ओळखा. मराठी दुकानदारांच्या वह्या मोडीत. अक्षरं डोक्यावरच्या लांब रेघेला लोंबल्यासारखी, शब्द तुटत नाहीत. मारवाडी पेढ्यांच्या वह्या मुडियात, म्हणजे महाजनी लिपीत, आणि त्यात काना-मात्रा जवळजवळ नसतात. सरकारी कागद आधी फारसीत, १८८० च्या दशकापासून उर्दूत. मोडी शिकायला दोन-तीन महिने रोज तासभर बसावं लागतं, पण जमतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकालीन नोंदी तपासायला सुरुवात झाली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा जिल्ह्याजिल्ह्यांत शोध घेतला गेला. अशी वाचणारी मंडळी तुमच्याही जिल्ह्यात असणारच. मुडियासाठी त्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठा, त्यांच्या हाताचं वळण त्यांनाच कळतं.

मी पहिली वही उघडली ती एका किराणा दुकानाच्या माळ्यावर. लाल खारव्याचं कापड, उभी घडी, मधोमध सुतळीचा टाका, कडेला कसरीने खाल्लेली जाळी. पहिल्या पानावर वर ‘श्री’, त्याखाली कुंकवाचं बोट, वाळून काळं पडलेलं. दुसऱ्या पानापासून जमा डाव्या बाजूला, नावे उजवीकडे. गूळ, रॉकेल, तंबाखू, सूत, सुपारी. एका ओळीत एका कुटुंबाने बाळंतिणीसाठी नेलेला डिंक आणि खारीक, आणि त्याच घराच्या नावावर पुढच्या महिन्यात कापडाची एक छोटी रक्कम. बारशाची असेल असं मी समजलो. दुकानदाराच्या आईंनी ती ओळ ऐकली आणि सांगितलं, ते कफनाचं कापड होतं. ते घर गावात अजून आहे. त्या दिवसापासून वही वाचताना शेजारी माणूस बसवल्याशिवाय मी अर्थ लावत नाही.

वहीत ‘हाली’ आणि ‘कलदार’ असं लिहिलंय. ते काय?

निजामाचा रुपया तो हाली (पुढे उस्मानिया सिक्का), इंग्रजी राज्याचा रुपया तो कलदार. ठरलेला दर साधारण ७ हालीला ६ कलदार. ७०० हालीचं कर्ज म्हणजे ६०० कलदार. बार्शी, सोलापूर, मुंबईशी व्यवहार असणाऱ्यांच्या वहीत दोन्ही रकाने असतात. कलदारचा रकाना कधी जाड होतो ते पाहा, गावचा माल बाहेर कधी जाऊ लागला याचा तो पुरावा आहे. कलदार रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले.

मापांचं कोष्टक मात्र दुसऱ्या गावाचं उचलू नका. दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली इतकं बहुतेक ठिकाणी सारखं आहे. पायल्यांचा मण बाजारागणिक बदलायचा.

गल्ल्यांच्या नावांवरून किती सांगता येतं?

बरंच. हिंगोलीचं उदाहरण घ्या. तिथे हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. छावणी उठून शतक उलटलं, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त शिपाई आणि त्यांना माल पुरवणारा बाजार, असा छावणीचा सारा नकाशा नावांतच आहे. अंबाजोगाईचं निजामी काळातलं नाव मोमिनाबाद, तेही छावणीचं गाव. छत्रपती संभाजीनगरातले बेगमपुरा, पदमपुरा, करणपुरा, जयसिंगपुरा हे पुरे मोगल काळातल्या माणसांची आठवण सांगतात.

लहान गावात अत्तार गल्ली, मोमीनपुरा, कोष्टी गल्ली, मण्यार गल्ली, कुंभारवाडा, काझी मोहल्ला अशी धंद्याची आणि वतनाची नावं असतात. त्यांतला धंदा आज तिथे चालतो का, बंद पडला तर कधी, ती माणसं काय करू लागली, एवढे तीन प्रश्न प्रत्येक गल्लीत विचारा. आमच्याकडच्या कोष्टी गल्लीत आज एकही माग नाही, पण दोन घरांत मागाचे खड्डे अजून आहेत. एकात पाण्याची टाकी बसवलीय.

जातीवरून पडलेली वस्त्यांची जुनी नावं लिहावीत का?

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. तुमच्या लेखनात वस्तीचं आजचं नाव वापरा, भीमनगर, सिद्धार्थनगर, जे असेल ते. जुना कागद उद्धृत करायचा असेल तरच जुनं नाव, तेही एकदाच. आणि ते नवं नाव कधी, कुणी ठेवलं, त्यासाठी काय झगडावं लागलं, हे त्या वस्तीत जाऊन ऐका. गावच्या आडावर कुणाला पाणी भरता येत नव्हतं आणि कधीपासून येऊ लागलं, हाही पेठेच्या इतिहासाचाच भाग आहे. चहाच्या हॉटेलात वेगळ्या कपबशा कुठे टांगलेल्या असत हे सांगणारी माणसं अजून हयात आहेत.

रेल्वेमुळे गाव वाढलं असं सगळेच म्हणतात. कसं तपासायचं?

वहीत आणि नकाशात. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादेकडे जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली आणि सेलूसारख्या गावांना मोंढ्यासाठी स्टेशन मिळालं. काही गावांना मात्र नुसतं ‘रोड’ मिळालं. मानवत रोड हे त्याचं ठळक उदाहरण, स्टेशन एकीकडे आणि गाव दूर. अशा ठिकाणी बैलगाडी, टांगा, नंतर टेम्पो यांचा सगळा धंदा त्या मधल्या रस्त्यावर उभा राहिला. तो रस्ता चालून बघा.

दक्षिणेकडे बार्शी लाईट रेल्वे. अडीच फुटी रूळ, १९११ ला लातूरपर्यंत पोचली. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. गाडी आल्यावर सहा वर्षांनी गंजगोलाई उभी राहिली, आणि यांचा एकमेकांशी संबंध आहे असं माझं मत आहे. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरी खात्याची, म्हणजे जकातीची नाकी असत. सरहद्दीजवळ असाल तर करोडगिरीच्या गोष्टी नक्की निघतील.

आठवडी बाजाराचं काय लिहायचं? तो तर सगळीकडे सारखाच.

सारखा नाही. तुमच्या गावाभोवतीच्या सगळ्या बाजारगावांचे वार एका कागदावर मांडा. सोमवार इथे, मंगळवार तिथे. फिरते दुकानदार सहा दिवसांत सहा बाजार करून सातव्या दिवशी घरी असत. वारांची ही साखळी म्हणजे तुमच्या गावचा खरा मुलूख. तालुक्याची हद्द कुठेही असो, सोयरीक बहुतेक याच साखळीत जुळलेली दिसते.

गुरांचा बाजार असेल तर तो वेगळा लिहा. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावच्या खंडोबाची जत्रा, देवणी आणि लाल कंधारी जनावरं, दलालांची बोली, दाखल्याच्या पावत्या, हा विषय एवढा मोठा आहे की त्याला स्वतंत्र वही घाला. बाजाराच्या दिवशी पोरांसाठी गोडीशेव आणि भजी बांधून नेण्याची रीतही लिहा. कागद कोणत्या वर्तमानपत्राचा असायचा, हेसुद्धा कुणाकुणाला आठवतं.

बँक, बस, टपाल या सेवांच्या तारखा कुठे मिळतात?

बहुधा पाटीवर किंवा कोनशिलेवर. हैदराबाद स्टेट बँक १९४२ मध्ये सुरू झाली, १९५६ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्याकडे लोक अजूनही ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ म्हणतात. बससेवा निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये सुरू केली होती, आणि मराठवाड्याची बससेवा १९६१ ला आजच्या एसटीत आली. म्हणून एखादी आजी ‘आमच्या लहानपणी सरकारी बस होती’ म्हणाली, तर एसटी १९४८ ला सुरू झाली म्हणून तिला खोटं पाडू नका.

सरकारी कागद कुठे शोधू?

तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची नोंद) आणि नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका. नगरपालिकेत कर आकारणीची जुनी रजिस्टरं. देवस्थानाच्या जागेवरच्या दुकानांसाठी धर्मादाय आयुक्तांकडची नोंद, दर्गा-मशिदीच्या जागेसाठी मुंतखब, म्हणजे निजामी काळातला इनामाचा कागद. छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादचं, दोन्ही पाहा.

जिल्हा मात्र जुना शोधा. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत होतं, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. त्याहून मागे गेलात तर उस्मानाबादच्या ठिकाणी नळदुर्ग जिल्हा भेटतो. शिवाय गाव दिवाणीत (सरकारी मुलखात) होतं, सर्फ-ए-खासमध्ये (निजामाच्या खासगी मुलखात), पायगेत (पायगा घराण्यांच्या ताब्यात) की जहागिरीत, ते आधी ठरवा. जहागिरी १९४९ ला गेल्या, त्याआधीचे त्यांचे कागद वेगळ्या कचेऱ्यांत आहेत.

१९४८ बद्दल विचारावं का? लोक गप्प होतात.

विचारावं, पण पहिल्या भेटीत नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. त्याआधी रझाकारांनी अनेक गावं लुटली, माणसं मारली, पेठा ओस पडल्या, व्यापारी बायकापोरं घेऊन सरहद्दीपलीकडे गेले. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचं नोंदवलं. दोन्ही घडलं आणि दोन्ही लिहायला हवं. मालकी बदललेली दुकानं, कुलूप लागलेले वाडे, रात्रीत शेजाऱ्याला घरात लपवणारी माणसं, हे सगळं त्याच काही महिन्यांतलं आहे. मला एका आजींनी चार वर्षांच्या ओळखीनंतर हे सांगितलं. सांगताना त्यांनी दार लावून घेतलं होतं. त्यांचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही.

पेठेच्या इतिहासात बायका दिसतच नाहीत. का?

पाट्यांवर पुरुषांची नावं असतात म्हणून. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या कोण होत्या? डाळ मिलमध्ये पाखडणाऱ्या? खानावळ कुणाच्या हातावर चालायची? नवरा गेल्यावर दुकान कुणी सांभाळलं? दळण निवडायला, पापड लाटायला कोण जायचं? त्यांना मजुरी रोख मिळायची की धान्यात? हे बायकांनाच विचारा, आणि घरातला पुरुष माणूस समोर नसताना विचारा. उत्तरं बदलतात.

वही द्यायला घरचे तयार नाहीत. काय करावं?

त्यांचं बरोबर आहे. वहीत कुणाकुणाची उधारी असते, दागिना गहाण ठेवल्याची नोंद असते. वही मागू नका, त्यांच्याच ओसरीवर बसून फोटो काढू द्या म्हणा. कर्जदारांची नावं छापणार नाही असं लिहून द्या आणि पाळा. आमच्या गल्लीत एका पेढीच्या तीन पिढ्यांच्या वह्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या काट्यावर गेल्या. मी पोचलो तेव्हा हातगाडी कोपऱ्यावरून वळली होती. मागे धावलो, त्यातल्या दोन परत मिळाल्या. म्हणून आता दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी पेठेत रोज एक चक्कर मारतो.

माझ्याकडे एक फाटलेली वही आहे. आत्ता लगेच काय करू?

चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. उन्हात वाळवू नका, सावलीत उघडी ठेवा. मऊ ब्रशने धूळ झटका. पानांचा क्रम बदलण्याआधी आहे तसे फोटो काढा, प्रत्येक पानाशेजारी पट्टी ठेवून. कोरी दिसणारी पानंसुद्धा घ्या, कारण मागच्या पानांवर पाहुण्यांचे पत्ते, औषधाचे काढे आणि पोरांचे जन्मवार लिहिलेले असतात. मग स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, कपाटात वरच्या फळीवर ठेवा, आणि कापडाला चिठ्ठी लावा: कुणाची, कुठे मिळाली, कोणत्या तारखेला.